बेचाळिसावा पाय

"हा पाय उजवा आहे," टेपकाका म्हणाले.

क्लबाचा सेक्रेटरी स्टुलावर चढून बॅनरची दोरी खिळ्याला गुंडाळत होता. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "असेल की. पाय एक तर उजवा असतो, नाहीतर डावा. तिसरा प्रकार अजून बाजारात आलेला नाही."

"पण बाईंचा डावा गेलाय."

"कुठल्या बाईंचा?"

"त्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्या. शेवटचं नाव. बेचाळीस नंबर."

सेक्रेटरी स्टुलावरून खाली उतरला. लांबलचक टेबलावर पांढरी चादर घातली होती आणि तिच्यावर बेचाळीस कृत्रिम पाय ओळीने मांडले होते. टेपकाका दुपारी तीनपासून एकेका पायावरचा खाकी कागद सोडवत होते, चिठ्ठीवरचं नाव यादीशी ताडून पाहत होते. सभा सहाला होती. एक्केचाळीस पाय बरोबर होते.

"कारखान्याने घोळ घातला असेल," सेक्रेटरी म्हणाला.

टेपकाकांनी फाइल उघडली. एक्केचाळीस फॉर्म मापं घेण्याच्या शिबिराला आलेल्या तंत्रज्ञाच्या किरट्या अक्षरात होते. बेचाळिसावा त्यांच्या स्वतःच्या. तुटलेल्या पायाचा घेर, शाबूत पायाच्या पोटरीचा घेर, पावलाची लांबी, सगळं इंचात आणि पुन्हा सेंटिमीटरमध्ये. वर 'पाय' या शब्दापुढे 'उजवा' असं लिहून खाली रेघ मारलेली. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. उजवाच होता.

चूक कुठे झाली हे त्यांना त्याच क्षणी कळलं. इतर कुणाला ते पटलंही नसतं. चाळीस वर्षं शिंपीकामात ते गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहून, समोरच्या आरशात बघून माप घेत आले होते. खांदा उतरता आहे का, एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे का, हे माणसात दिसत नाही, आरशात दिसतं. आणि गिऱ्हाईक नि शिंपी दोघांचीही तोंडं आरशाकडे असली, की शिंप्याच्या उजव्या हाताला असेल ते उजवं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. चाळीस वर्षांत एकही कोट या हिशेबाने बिघडला नव्हता.

शिबिराच्या दिवशी हॉलमध्ये आरसा नव्हता. इस्त्रीवाली सव्वादोनला पोचली, कारण लॉन्ड्रीतून तिला दोनच्या आत सोडलंच नाही. तंत्रज्ञांचं साचे घ्यायचं प्लॅस्टर संपलं होतं, पेट्या गाडीत चढल्या होत्या. मुख्य तंत्रज्ञ घाईत म्हणाला, "कुणीतरी नीट मापं घेऊन पाठवा, मापावर करून देतो." तेव्हा सगळ्यांनी टेपकाकांच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. टेपकाकांना फार बरं वाटलं. ते तिच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले, तीन-तीनदा मोजलं आणि तुटलेला पाय आपल्या उजव्या हाताला आला म्हणून त्याला उजवा लिहून मोकळे झाले.

तसं पाहिलं तर क्लबात त्यांना बरं वाटण्याचे प्रसंग थोडेच. क्लबाचा नियम होता की प्रत्येक व्यवसायातला एकच माणूस सभासद घ्यायचा. एक वकील, एक दातांचा डॉक्टर, एक बांधकामवाला, एक विमावाला. शिंप्याची जागा कित्येक वर्षं रिकामी होती, कारण ती भरावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी सगळ्या सभासदांचे निळे ब्लेझर टेपकाकांनी शिवले, आणि तेव्हाचे अध्यक्ष ट्रायल घेताना गमतीत म्हणाले, "मास्तर, तुम्हीच का येत नाही क्लबात?" टेपकाकांनी ते गंभीरपणे घेतलं. पुढच्या गुरुवारी ते हजर. तेव्हापासून एक गुरुवार चुकला नव्हता. सासरे वारले त्या आठवड्यातही नाही, आणि त्यावरून बायकोने जे ऐकवलं ते आजतागायत चालू आहे. "लोक क्लबात भाषणं करतात, आमचे हे खुर्च्या मांडतात," ती म्हणायची. ते खरंच होतं. पण बिल्ला सगळ्यांचा सारखाच होता, आणि टेपकाकांना तेवढं पुरत होतं.

अध्यक्ष साडेपाचला आले. हे दातांचे डॉक्टर. हसताना कायम समोरच्याच्या तोंडात बघायचे.

टेपकाकांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "चूक माझी आहे. आज तिला वर बोलावू नये. मी खाली उभा राहून तिला सांगतो."

"आणि बातमी?" अध्यक्ष म्हणाले. "बेचाळीसची गेलीये. पाहुण्यांच्या भाषणात बेचाळीस आहेत. बॅनरवर बघा."

बॅनरवर आकडा माणसाच्या उंचीएवढा होता.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, टेपकाका. आज पाय देऊ, फोटो होऊ दे. उद्या कारखान्याला फोन करा, बदलून घेऊ. हाय काय आणि नाय काय! तिला सांगू नका, उगाच हिरमुसेल बिचारी."

टेपकाकांनी फाइल मिटली. त्यांच्या मनाने एक क्षण खरंच धरलं की उद्या फोन केला की पाय बदलून येईल. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

हॉल वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. साप्ताहिक सभा तिथेच झाली तर ती सभा, नाहीतर हजेरी धरली जात नाही, असा नियम. त्यामुळे पाय नसलेल्या बेचाळीस माणसांना सव्वीस पायऱ्यांचा जिना चढायला लावून पाय वाटण्याचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. सहाला दहा कमी असताना जिन्यावर कुबड्यांचा आवाज सुरू झाला.

इस्त्रीवाली अर्ध्या जिन्यात थांबली होती. पस्तिशीची, काटक, घामाने डबडबलेली. एका खांद्याला पिशवी. टेपकाका खाली धावले.

"मास्तर, वर आल्यावर लगेच घालता येईल ना?" तिने विचारलं. "बूट आणलाय बघा." पिशवीतून तिने काळा रबरी तळाचा बूट काढून दाखवला. लॉन्ड्रीत कामगारांना मिळतो तसला. उजवा तिच्या पायात होता, टाचेला झिजलेला. हातातला डावा कोरा करकरीत होता. "जोडीच देतात ना ते. एक नको म्हटलं तर म्हणाले, सुटा मिळत नाही."

"सावकाश चढा," टेपकाका म्हणाले.

"सावकाशच. पण सोमवारी उभं राहायचंय मला. साहेबांनी पाच महिने घडीच्या टेबलावर बसवून ठेवलं, आता तिथं मशीन येतंय. इस्त्रीवर उभी राहिले तर नोकरी, म्हणाले. वाफेच्या प्रेसजवळ कुबडी चालत नाही. मी म्हटलं, गुरुवारी पाय मिळतोय, सोमवारी येते दोन पायांवर." ती हसली. "सासूबाई म्हणतात, आधी पाय बघ, मग उड्या मार."

हीच सांगण्याची वेळ होती. टेपकाकांनी तोंड उघडलंही. मागून दोघं कुबड्या टेकत वर येत होते, वरून सेक्रेटरी "चला, चला" करत होता. टेपकाकांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली आणि तिला वर नेलं. नंतर कितीतरी दिवस त्यांना वाटायचं, चूक फॉर्मवर झाली ती झाली, पण खरा गुन्हा जिन्यात झाला.

घंटा झाली. सगळे उभे राहिले, बिल्ल्यावर हात ठेवून प्रतिज्ञा म्हटली. पाहुण्यांनी पाय या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. स्वतःच्या पायावर उभं राहणं, पावलावर पाऊल टाकणं, समाजाने पुढे पाऊल टाकणं, एकही पाऊल सोडलं नाही. मग नावं पुकारली जाऊ लागली. बेचाळिसावं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या जास्त झाल्या, कारण ते शेवटचं होतं.

तिने कुबड्या काखेत धरून दोन्ही हातांनी पाय घेतला. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा, हसा." ती हसली. मग तिने पावलाकडे पाहिलं, अंगठ्याकडे, आणि पुन्हा पाहिलं. ती टेपकाकांना शोधत असावी. टेपकाका बॅनर वाचत होते.

चहा चालू असताना ते जिन्याकडे गेले. ती वरच्या पायरीवर बसली होती. पाय बांधून झाला होता. हातात बूट.

"अंगठा बाहेरच्या अंगाला आलाय, मास्तर. बूट जात नाही."

"चूक माझी आहे. मी फॉर्मवर उजवा लिहिलं."

तिने बूट मांडीवर ठेवला. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"तुम्हाला आज कळलं?"

"दुपारी."

"मग खालीच सांगायचंत ना," ती म्हणाली. "जिना तरी चढले नसते."

टेपकाकांनी उद्या फोन करतो म्हणून सांगितलं, बदलून मिळेल म्हणून सांगितलं. तिने सोमवारच्या आत का, असं विचारलं. तिने बूट पिशवीत टाकला, पाय काढला नाही. "असू दे," ती म्हणाली. "नाहीपेक्षा बरा. मोजा घालीन वरून." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. उजवं पाऊल सरळ पडत होतं, डावं वळत होतं. टेपकाका पिशवी घेऊन मागून चालले होते, पण पिशवीही तिने खाली पोचल्यावर मागून घेतली.

शुक्रवारी त्यांनी दुकानातून कारखान्याला फोन लावला. तिकडचा माणूस सज्जन होता. म्हणाला, पाऊल बदलून भागत नाही, वरच्या खोबणीचा कलही उलटा असतो, अख्खा पायच नवा करावा लागेल. आणि सुटा पाय आम्ही करत नाही, शिबिराच्या यादीतच करतो. तुमच्या गावाचं पुढचं शिबिर चौदा महिन्यांनी. टेपकाका म्हणाले, मी पदरचे पैसे भरतो. तो म्हणाला, काका, आम्ही विकतच नाही हो, दान देतो. दानात एवढी शिस्त असते हे टेपकाकांना एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

बायको शेजारी बसून काज करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "कपडा असता तर उसवून उलटा केला असता तुम्ही." ती टोमणा मारत नव्हती. खरं तर तीही रात्रभर तोच विचार करत असावी.

सोमवारी दहा वाजता टेपकाका लॉन्ड्रीत गेले. मागच्या दाराशी उभं राहिलं की प्रेसची रांग दिसते. वाफ, ओली फरशी, चादरींचे ढीग. इस्त्रीवाली तिसऱ्या प्रेसवर होती. डाव्या पावलावर दोन मोजे चढवून वरून चिंधी गुंडाळली होती. चादर पसरायची, प्रेसचा दांडा खाली ओढायचा, सोडायचा, घडी मारायची. हात असे चालत होते की बघत राहावं. बाकीच्यांपेक्षा तिच्या घड्या नीट होत्या. टेपकाकांना एक वेडी आशा वाटली की जमेल. माणूस कशालाही सरावतो.

पाऊण तासाने ते परत निघाले, तेवढ्यात आतून आवाज झाला. ती पडली नव्हती. दांडा ओढताना पाऊल वळलं आणि तोल सावरायला तिने प्रेसच्या कडेवर हात टेकला. पंजा भाजला. कुणीतरी तिला स्टुलावर बसवलं, पाय काढला, तर तुटलेल्या टोकावर चढवलेला मोजा रक्ताने लाल झाला होता.

मॅनेजर बाहेर आला तो टेपकाकांशीच बोलला, ते तिचे कुणीतरी असावेत असं समजून. वाईट माणूस नव्हता. "काका, मी तरी काय करू? सकाळपासून बघतोय, जीव मुठीत धरून. उद्या ही त्या प्रेसवर पडली तर तुम्ही येणार का उत्तर द्यायला? काम येतं हो तिला. तिच्यासारखी इस्त्री इथं कुणाची नाही. पण उभं राहता आलं पाहिजे ना?"

"चौदा महिने थांबाल का?" टेपकाकांनी विचारलं. तो प्रश्न किती खुळचट आहे हे विचारतानाच कळत होतं.

मॅनेजरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला.

गुरुवारी सभा भरली. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून तो मंजूर करायचा, हे पहिलं काम. सेक्रेटरीने वाचलं, "बेचाळीस गरजूंना बेचाळीस कृत्रिम पाय यशस्वीपणे बसवून देण्यात आले. कुणाची काही दुरुस्ती?" हे तो दर गुरुवारी विचारायचा, आणि कुणी मान वर करायच्या आत पान उलटायचा.

टेपकाका उभे राहिले. एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदाच उभे राहिले होते, म्हणून आधी सगळ्यांना वाटलं खुर्चीचं काहीतरी आहे.

"एक्केचाळीस लिहा," ते म्हणाले. "एक पाय चुकीचा होता. माप माझं चुकलं. त्या बाईंची नोकरी गेली. हात भाजलाय. तेही लिहा."

पंखा फिरत होता. वकिलांनी खाकरून सांगितलं की वृत्तांत हा सभेत काय घडलं त्याचा असतो, नंतर काय घडलं त्याचा नव्हे, आणि सभेत तर बेचाळीस दिले गेले, हे टेपकाकाही नाकारणार नाहीत. अध्यक्ष म्हणाले, अहवाल वरच्या कार्यालयात गेला आहे, आपला उपक्रम पहिल्या तिनात आहे, आणि टेपकाकांच्या मनाचा मोठेपणा सगळ्यांनी बघितला.

"मोठेपणा नाही हो," टेपकाका म्हणाले. "दुसरा पाय घेऊन द्या तिला. मोठ्या शहरात करतात. मी निम्मे देतो. निम्मे आपण सगळे."

"या वर्षीचा निधी चष्म्यांकडे गेला ना," सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाला. "पण काका, मी शब्द देतो. पुढच्या शिबिराच्या यादीत पहिलं नाव तिचं!"

आणि टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, हेच वाईट होतं. कुणीतरी टेपकाकांच्या पाठीवर थाप मारली. ते बसले. सेक्रेटरीने पान उलटलं. पुढचा विषय चष्मे होता, आणि सभा संपल्यावर खुर्च्या टेपकाकांनीच उचलल्या.

घरी येऊन ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं नाही. नुसती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी जाणार?"

"बघू," ते म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं, जाणार. दुसरीकडे जायला त्यांना होतंच कुठे?

पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, दुकानाच्या पायरीशी कुबडीचा आवाज आला. इस्त्रीवाली आली होती, एका हाताला पट्टी होती. बायकोने पुढे होऊन तिला खुर्ची दिली. पाणी दिलं.

"कसं चाललंय?" टेपकाकांनी विचारलं.

"सासूबाई दोन घरी स्वयंपाकाला जातात आता. या वयात. मी घरी बसून रुमालांच्या घड्या करते, गठ्ठ्यावर पैसे देतात." तिने पिशवीतून आपल्या तीन पँटी काढल्या. धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या. एका हाताने केलेली इस्त्री, पण चुणी एक नव्हती. "हे काम आहे. डाव्या पायात दुमडून पिना लावते मी, त्या टोचतात. इथपर्यंत शिवून बंद करून द्या." गुडघ्याखाली चार बोटांवर तिने हात ठेवला.

"डावा," टेपकाका म्हणाले.

"डावा."

त्यांनी माप घेतलं. पँटी पाटावर पसरल्या, खडूने खूण केली. "कापत नाही," ते म्हणाले. "आत दुमडून टाके घालतो. बाहेरून दिसणार नाही. पुढच्या शिबिरात पाय आला की उसवायचं, पुन्हा पूर्ण पँट. यादीत पहिलं नाव आहे तुमचं."

"मास्तर, आत एवढं कापड राहिलं तर गाठ होते. रुततं. कापा."

"चौदा महिने तर आहेत."

"पायाचं मांस बदलतं तोवर, सांगितलंय डॉक्टरांनी. आणि तोवर कुठली लॉन्ड्री थांबतेय माझ्यासाठी?" ती शांतपणे बोलत होती, त्यांना समजावत असल्यासारखी. "कापा तुम्ही. आणि मजुरी घ्यायची. हे तुमच्या क्लबाचं काम नाही, दुकानाचं आहे."

टेपकाकांनी मोठी कात्री उचलली. चाळीस वर्षांत कापडावर कात्री चालवताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. बायको काजाचं काम थांबवून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पहिल्या पँटीचा डावा पाय कापला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मशीनवर तिन्ही तोंडं शिवून बंद केली, दोरे तोडले, घडी घालून तिच्या हातात दिलं.

पाटावर तीन कापलेले पाय उरले होते. टेपकाका ते चिंध्यांच्या पेटीत टाकायला निघाले, तर तिने हात पुढे केला. एकावर एक ठेवून, कडा जुळवून, बऱ्या हाताने त्यांची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"फडक्यांना होतील," ती म्हणाली.